कांचनमालेची पट्टी

“हे मी सांगेन आणि तू विश्वास ठेवणार नाहीस,” मी ऋजुताला म्हणालो. “आजवर कोणी ठेवलेला नाही. वेंगुर्ल्यात माझं नाव निघालं की लोक आधी निम्मं वजा करतात आणि मग ऐकायला बसतात. पण हे निम्म्यात मावणारं नाही.”

ऋजुता पुण्याहून आली होती. जुन्या संगीत नाटकांच्या तबकड्या शोधून त्यांच्या कायमच्या प्रती करणारी कुठलीशी संस्था आहे, तिथली. पोरगी चटपटीत. आमच्या पडवीत बसकण मारून तिनं आपलं तबकडी फिरवायचं यंत्र मांडलं, शेजारी कॉम्प्युटर उघडला आणि माझ्या वडिलांची काळी तबकडी मऊ फडक्यानं अशी पुसायला घेतली, की तान्ह्या पोराची टाळू पुसावी.

“विश्वासाचं नंतर बघू, आजोबा,” ती म्हणाली. “मला आधी वेग सांगा. ही तबकडी फार झिजलीय, आज एकदाच नीट वाजेल. जी प्रत निघेल तीच पुढं सगळे ऐकणार. तुम्ही फोनवर म्हणालात, हिला नेहमीच्या वेगानं लावूच नका, हळू लावा. किती हळू?”

“त्याचीच तर गोष्ट आहे.”

माझी बायको शरयू उंबऱ्यात सूप घेऊन कुळीथ निवडत होती. ती खालमानेनंच म्हणाली, “थोडक्यात सांगा. मुलीला संध्याकाळची गाडी आहे.”

“थोडक्यात सांगायला मी काय तार करतोय?” मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.

माझे वडील रघुवीर आरोंदेकर. मनोविहार संगीत मंडळीत ते स्त्रीभूमिका करत. ‘संगीत हेमकंकण’ हे मंडळीचं पोट भरणारं नाटक, आणि त्यातली राजकन्या कांचनमाला म्हणजे आमचे बाबा. शालू नेसून ते रंगमंचावर आले की पुढच्या रांगेतले सावकार पान चावायचे थांबत. कुडाळच्या एका जमीनदारानं तर कांचनमालेला रीतसर मागणी घातली होती. मंडळीच्या मालकांनी बाबांना धोतरात त्याच्यापुढं उभं केलं. तो बाबांना वरखाली न्याहाळून म्हणाला, हरकत नाही, हिला धाकटी बहीण आहे का.

“होती?” ऋजुतानं विचारलं.

“होती ना, माझी आत्या. चेहरामोहरा हुबेहूब माझा. जमीनदार थोडक्यात वाचला.”

मी जन्मायच्या पुष्कळ आधी एका कंपनीनं मंडळीला मुंबईला नेऊन ‘हेमकंकण’ची पदं तबकड्यांवर घेतली होती. नांदी, नायकाची, विदूषकाचं एक, आणि बाबांचं ‘सैल का झाले कंकण सखये’. तेव्हा माईक कुठला? भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. फार पुढं झुकलं तर आवाज फाटे, मागं राहिलं तर हरवे. म्हणून एक माणूस गाणाऱ्याचे खांदे धरून मागं उभा असे आणि तान चढायला लागली की त्याला मागं ओढी, बैल आवरावा तसा. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत अर्धा तास चालणारं पद तबकडीच्या एका बाजूत कोंबायचं. आणि पद संपलं की त्याच दमात आपलं नाव सांगायचं. ती तेव्हाची रीत होती, ऐकणाऱ्याला कळावं की गाणारा कोण. बाबांनीही सांगितलंय, “मी रघुवीर आरोंदेकर, मनोविहार संगीत मंडळी.”

पुढं मंडळी बुडाली. बाबा वेंगुर्ल्याला परतले, उशिरा संसार केला, आणि मी हाताशी येईपर्यंत म्हातारे झाले. बाजारात माझा सोडावॉटरचा कारखाना होता. माझ्या सोड्याची गोटी फुटली की शिरोड्याच्या म्हशी कान टवकारत. पण मी बाबांना कधी गल्ल्यावर बसू दिलं नाही, गिऱ्हाइकाशी तोंड उघडायची वेळ त्यांच्यावर येऊ दिली नाही. एवढा मोठा नट, त्यानं काय ‘दोन लेमन, एक साधा’ असं ओरडायचं? मागच्या खोलीत त्यांना आरामखुर्ची टाकून दिली होती. मान ठेवला त्यांचा.

शरयूनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

तबकडी घरात होती, पण ग्रामोफोन कधीच विकलेला. म्हणजे बापाचं गाणं फडताळात आणि मी ते कधी ऐकलेलं नाही, अशी अवस्था. साठ-बासष्टच्या सुमाराला मुंबईच्या एका संस्थेनं ‘हेमकंकण’ नव्यानं उभं केलं. आता कांचनमाला बाईच करणार. नाटक तुफान चाललं. नव्या नटसंचाची लाँगप्ले निघाली, तिच्या मुखपृष्ठावर नवी कांचनमाला मनगटातलं कंकण सावरत बसलेली.

“ही,” मी अंगठ्यानं उंबऱ्याकडं दाखवलं. “कुमारी शरयू वाळवेकर.”

ऋजुताचं फडकं हातातच राहिलं. “आजी, ती लाँगप्ले तुमची? आमच्याकडं आहे ती.”

“माझीच. तेव्हा मला कंबरही होती.”

“हिनं माझ्या बापाचं पद गायलं,” मी म्हणालो, “म्हणून मी सूड घेतला. लग्न केलं हिच्याशी.”

“तो सूड अजून चालू आहे,” शरयू म्हणाली.

तर त्या लाँगप्लेचा बोलबाला आमच्या गावापर्यंत आला आणि वाचनालयाच्या मंडळींना सुचलं की ‘हेमकंकण: काल आणि आज’ असा कार्यक्रम करावा. तेच पद आधी नव्या संचाचं ऐकवायचं, मग जुन्या संचाचं, आणि दोहोंतला फरक मुंबईचे प्राध्यापक लेले समजावून सांगणार. शरयूला मुंबईहून बोलावलं. बाबा गावातलेच, म्हणजे फुकटचे, त्यांना पुढच्या खुर्चीत बसवून शाल-नारळ देणार. बाबांची तबकडी आमच्याकडूनच मागून नेली, बाकीच्या जुन्या लेले आणणार. बाबा त्या दिवशी दुपारपासून तयार होऊन बसले होते. कोटाला स्वतः इस्त्री केली, दाढी केली, ती पसंत पडली नाही म्हणून पुन्हा केली. मला म्हणाले नाहीत काही, पण तबकडीचं फडताळ दोनदा उघडून बघितलं, रिकामं आहे हे माहीत असून.

सभागृह गच्च. व्यासपीठावर एका बाजूला लाँगप्ले वाजवायला वाचनालयाचा रेडिओग्राम, दुसऱ्या बाजूला लेल्यांनी सोबत आणलेला चावीचा ग्रामोफोन, पितळी कर्णा घासूनपुसून लखलखीत. लेले म्हणजे गोरे, गुबगुबीत, प्रत्येक वाक्यानंतर ओठ चाटणारे. पहिल्यापासूनच हा माणूस मला खपला नाही. आधी नांदी लावली, नवी आणि जुनी. मग नायकाची पदं. दर वेळी नव्याचं संपलं की लेले म्हणत, काय ही सफाई. जुन्याचं संपलं की म्हणत, अर्थात त्या काळच्या मानानं ठीकच. त्या काळच्या मानानं. जेवायला बसलेल्या माणसाच्या पानात उष्टं वाढावं आणि वर म्हणावं, भिकाऱ्याच्या मानानं ठीकच.

आणि खरं सांगू, मी काही बहिरा नव्हतो. नव्या संचात व्हायोलिन होतं, क्लॅरिनेट होतं, एकेक सूर धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. पण नाटक कुठं होतं त्यात? नायक विरहानं झुरतोय आणि श्वास कसा, तर दुपारची झोप काढून उठल्यासारखा. जुन्या तबकडीत खरखर होती, ऑर्गन कुठं बुडत होता, तबला डब्यावर वाजवल्यासारखा, पण नायक ‘प्रिये’ म्हणाला की पुढं कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. हे मी शेजारच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, गप बसा, कळत नाही तर. तिथं माझं डोकं पहिल्यांदा फिरलं.

मग कांचनमालेची पाळी आली. लेल्यांनी शरयूची लाँगप्ले लावली. ‘सैल का झाले कंकण सखये’ सावकाश, आळवून आळवून, मध्ये जलतरंगाचे तुकडे. संपल्यावर टाळ्या थांबेनात. शरयूनं उठून नमस्कार केला.

“आणि आता,” लेले म्हणाले, “जुनी कांचनमाला. शेवटपर्यंत कान देऊन ऐका. शेवटी एक गंमत आहे.”

गंमत. माझ्या बापाच्या नावाला त्यानं गंमत म्हटलं, तेही ऐकवायच्या आधी.

तबकडी फिरायला लागली. बारीक, उंच, धारदार आवाज. सुरुवातीला लोक गप्प होते. चाल तीच, पण इथं आळवणं वगैरे नाही, कोणीतरी मागं लागल्यासारखं पद पुढं धावत होतं. मी मुठी आवळून बसलो होतो. पद संपलं, क्षणभर नुसती खरखर, आणि मग त्याच बारीक, नाजूक, बायकी आवाजात शब्द आले: “मी रघुवीर आरोंदेकर, मनोविहार संगीत मंडळी.”

मागून कोणीतरी म्हणालं, “ह्यो बापयो काय बायल?” म्हणजे, हा पुरुष की बाई?

आणि सगळं सभागृह फुटलं. अगं, हे लोक जत्रेत दशावतार बघणारे. मिशा काढलेली द्रौपदी रडायला लागली की धोतराच्या सोग्यानं डोळे पुसणारे. पुरुषानं लुगडं नेसणं त्यांना नवं होतं का? पण मुंबईचा प्राध्यापक गंमत आहे म्हणाला, मग हसायलाच पाहिजे. न हसणारा अडाणी ठरेल ना. वाचनालयाचे अध्यक्ष हसत होते. माझ्याकडं महिन्याच्या उधारीवर सोडा पिणारे डॉक्टर हसत होते. बायका पदर तोंडात घालून हसत होत्या.

“वन्समोअर,” मागचा तो पुन्हा ओरडला.

याच पदाला बाबांनी एके काळी इतके वन्समोअर घेतले होते, की कोल्हापुरात म्हणे पुढचा अंक दुसऱ्या दिवशी करावा लागला. तोच शब्द. पदाला नाही, नावाला. आणि लेल्यांनी काय करावं? त्यांनी सुई उचलली, अदमासानं शेवटाशी नेऊन टेकवली आणि नुसतं नाव पुन्हा वाजवलं. पुन्हा हशा. ओठ चाटत म्हणाले, “पाहा, काळ कुठून कुठं आला. तेव्हा यालाच स्त्रीचा आवाज म्हणायचे. नशीब आपलं की आज कांचनमाला खरीखुरी आहे.”

मी बाबांकडं पाहिलं. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल आणि मान खाली गेलेली. बापाची मान खाली गेलेली बघणं काय असतं हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. माझ्या तळपायाची आग मस्तकाला भिडली. खुर्च्यांतून वाट काढत, कोणाचे पाय तुडवत, मी व्यासपीठावर चढलो.

“आपण कोण?” लेल्यांनी विचारलं.

“ज्याला हसताय त्याचा मुलगा.”

“अहो, हसणं वेगळं आणि गुणग्रहण वेगळं. हा अभ्यासाचा विषय आहे. रागावू नका.”

“रागावत नाही,” मी म्हणालो, आणि माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा लावला. सोडावाल्याचा आवाज, त्याला कर्णा लागत नाही. “तुमचं मशीन पळतंय.”

“छे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्या. मी घड्याळ लावून मोजल्यात.”

“मुंबईचं घड्याळ असेल, गाडी पकडायला लावलेलं. माझ्या बापाची पट्टी पांढरी चार. हे तुमचं खेळणं वाजतंय त्याहून चढ्या काळी चारमध्ये. कोणालाही पळवलं की तो किंचाळतोच. तुम्हाला पळवलं तर तुम्हीही बायकी किंचाळाल. ज्याला साधी पट्टी कळत नाही, तो काल आणि आज काय सांगणार? अभ्यास म्हणे. माझ्या बापाचा आवाज चुरगळून तो हसायला वाटलात प्रसादासारखा, आणि वर याला अभ्यास म्हणता?”

हसणारे एकमेकांकडं बघायला लागले. भजनात पेटीवर बसणारे लोक होते तिथं. गाणारा पेटीच्या ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती त्याची पट्टी, आणि चढ्या पट्टीत ओढलं की भल्याभल्यांची मांजरं होतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. दोघातिघांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, “बरोबर बोलता तो.” लेल्यांचा चेहरा उतरायला लागला. त्यांनी पुन्हा फेऱ्यांचं पालुपद सुरू केलं, पण मी थांबलो नाही. ग्रामोफोनच्या कडेला वेगाची एक खुंटी असते, ती पुढं-मागं सरकते. मी लेल्यांना खांद्यानं बाजूला केलं, खुंटी मागं सारली आणि सुई तबकडीच्या सुरुवातीला टेकवली.

आणि ऋजुता, आवाज उतरला.

तो खाली आला, रुंद झाला, भरला. तेच पद आता घाईनं धावत नव्हतं, चालत होतं. ऑर्गन ऑर्गनसारखा वाजायला लागला. त्या आवाजात वजन होतं, छाती होती. मी खुंटीवरचं बोट काढलं नाही, लेल्यांकडं बघत उभा राहिलो. पद संपलं. खरखर. सगळे श्वास धरून. आणि कर्ण्यातून आलं, भारदस्त, खणखणीत, चारचौघांत उठून उभ्या राहिलेल्या पुरुषाच्या आवाजात: “मी रघुवीर आरोंदेकर, मनोविहार संगीत मंडळी.”

सांगतो तुला, अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्यांनी कौलांवरची कबुतरं उडाली, ती तीन दिवस परत बसली नाहीत. मागचा तो हसणारा पुढं आला आणि बाबांचे पाय धरून ढसाढसा रडला. डॉक्टरांनी सगळी थकलेली उधारी तिथल्या तिथं चुकती केली. लेल्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून बाबांना पांघरली, म्हणजे बाबांच्या अंगावर आता दोन शाली, ऐन उकाड्यात. आणि ही शरयू डोळे पुसत म्हणाली, माझी लाँगप्ले परत घ्या, मी हे पद पुन्हा गाणार नाही.

“खरंच?” ऋजुतानं शरयूकडं बघितलं.

शरयूनं सूप मांडीवर टेकवलं. तिचं निवडणं थांबलं होतं.

“आणि बाबा उठले,” मी म्हणालो. इथं मी नेहमी थोडा थांबतो. “खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उठले, सभेकडं वळले, हात जोडले. आणि म्हणाले, ‘आज माझ्या मुलानं मला माझा आवाज परत दिला.’”

ऋजुताचे डोळे भरले होते. चांगली मुलगी. तिनं तबकडी यंत्रावर ठेवली, वेगाच्या बटणाला हात घातला आणि विचारलं, “म्हणजे पांढरी चार लागेपर्यंत उतरवायचं ना, आजोबा?”

“उतरव.”

“आणि प्रतीसोबत टीप देईन मी, की मूळ तबकडी नेहमीच्या वेगानं ऐकू नये. तुमच्या नावानं.”

“दे,” मी म्हणालो. “त्या लेल्याचं नाव घाल त्यात. मेला असला तरी घाल. जगाला कळू दे, माझा बाप कसा गात होता.”

ती बटण फिरवायला लागली.

“थांब गं,” शरयू म्हणाली. सूप बाजूला ठेवून ती उठली, यंत्रापाशी आली आणि ऋजुताच्या हातावर तिनं हात ठेवला. “होतं तिथं ने ते. अठ्ठ्याहत्तर.”

“शरयू, तू यात पडू नकोस.”

“आजवर पडले नाही. तुम्ही कारखान्यात सांगितलंत, लग्नाकार्यात सांगितलंत, सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलंत. मी म्हटलं, गोष्ट आहे, सांगू दे, कबुतरं उडू देत. पण आज ही मुलगी खुंटी फिरवून त्यांचा आवाज कायमचा बंद करणार, आणि तुम्ही तिला उतरव म्हणता?”

“म्हातारी झालीय ती,” मी ऋजुताला म्हणालो. माझा आवाज चढला होता, तो मला आवरता येईना. “तिला काय आठवणार? ती तर पाहुणी होती. तिचं गाणं पडलं म्हणून अजून मनात धरून बसलीय. माझा बाप आहे तो. त्याची पट्टी मला माहीत की हिला?”

“मला,” शरयू म्हणाली. “तुम्ही त्यांना बोलू कधी दिलंत? मी त्या कार्यक्रमानंतर त्यांच्याकडं शिकायला आले, तुमच्याकडं नव्हते आले. मागच्या खोलीत त्या आरामखुर्चीपुढं बसून मी ते पद पुन्हा पहिल्यापासून घेतलं, त्यांच्या पट्टीत. काळी चार. म्हातारपणीसुद्धा मामंजी सहज लावायचे.” मग ती ऋजुताकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तो असा झाला की मला घरात लपायला जागा उरली नाही. “बाळा, मशीन पळत नव्हतं. लोक हसत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांची मान खाली नव्हती गेली. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ऐकत होते. मला हळूच म्हणाले, ‘इथं अंतरा गिळला बघ, तबकडी संपत आली होती.’ आणि हसले. किती वर्षांनी स्वतःला ऐकत होते, त्यांना कुणाच्या हसण्याचं भान नव्हतं. मान खाली गेली ती यांनी खुंटी सरकवल्यावर.”

“खोटं आहे,” मी म्हणालो.

“टाळ्या पडल्या, ते खरं. मामंजी उठले, हात जोडले, तेही खरं. पुढचं तुम्ही सांगता की मी सांगू?”

 ऋजुता माझ्याकडं बघत होती. तिचं बोट बटणावरच होतं.

“त्याच बारीक आवाजात म्हणाले,” शरयू म्हणाली, “आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ‘मशीन बरोबर होतं. पहिला आवाज माझा. तो मी कष्टानं घडवला, आणि कांचनमाला सुटली तरी तो माझ्या गळ्यातून सुटला नाही. तुम्ही हसलात त्याचं मला काही नाही, नटाला लोक हसतात. पण हा आत्ता दुसरा जो बोलला, त्याला मी ओळखत नाही. माझ्या मुलाला असा बाप हवा होता.’”